रॉथचाइल्ड : सात पिढ्यांच्या पेढीची कहाणी

भांडवल उभारण्यासाठी कंपन्या शेअर बाजाराचा दरवाजा ठोठावतात. 'रॉथचाइल्ड अँड कंपनी' या गुंतवणूक बँकेने २०२३मध्ये मात्र उलट वाट धरली. 'कॉन्कॉर्डिया' या कौटुंबिक कंपनीने काही सहकारी गुंतवणूकदार कुटुंबांना सोबत घेऊन लाभांशासह समभागामागे ४८ युरोंचा प्रस्ताव ठेवला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँक पॅरिसच्या बाजारातून बाहेर पडली. या व्यवहारात बँकेचे मूल्य सुमारे ३७० कोटी युरो धरले गेले. आपल्या कोणत्याही व्यवसायाला सार्वजनिक भांडवलाची गरज नाही, हे त्यामागील कारण सांगण्यात आले. अडीचशे वर्षांच्या इतिहासात मालकी घरातच ठेवण्याच्या या आग्रहाने पेढीला वैभव दिले, तशी त्याची किंमतही मोजायला लावली.

पाच भाऊ, पाच शहरे

पेढीचे संस्थापक मायर आमशेल रॉथचाइल्ड (१७४४-१८१२) हे फ्रँकफर्टच्या कोंदट ज्यू वस्तीतील जुन्या नाण्यांचे व्यापारी होते. घराण्याचे नाव पूर्वजांच्या घरावरील लाल ढालीच्या खुणेवरून पडले. हेसे घराण्याचे राजपुत्र विल्हेल्म यांच्याशी त्यांचे व्यवहार जुळले आणि १७६९मध्ये त्यांना दरबारी व्यापाऱ्याचा किताब मिळाला. पुढे त्यांचे पाच मुलगे फ्रँकफर्ट, लंडन, पॅरिस, व्हिएन्ना आणि नेपल्स येथे विसावले. पेढीच्या चिन्हातील पाच बाण हे या भावांचेच प्रतीक होय.

त्यांतील नेथन आधी मँचेस्टरला कापडाच्या व्यापारात होता, नंतर लंडनमध्ये सराफी पेढीवर बसला. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात वेलिंग्टनच्या सैन्याला सोने पोहोचविण्याची कामगिरी १८१४मध्ये त्याच्याकडे आली. वॉटर्लूच्या विजयाची बातमी सर्वांआधी मिळवून त्याने बाजारात अमाप पैसा केला, ही कथा आजही सांगितली जाते. पॅरिसमध्ये १८४६मध्ये निघालेल्या एका ज्यूद्वेषी पत्रकाने ती पसरविली आणि पुढे नाझींनी तिचा चित्रपटासाठी वापर केला. प्रत्यक्षात नेथनने दीर्घ युद्धाच्या अपेक्षेने सोने साठविले होते. युद्ध अचानक संपल्याने तो अडचणीत आला होता.

सरकारांचे सावकार

पेढीचा खरा व्यवसाय सरकारी कर्जरोख्यांचा होता. प्रशियासाठी १८१८मध्ये उभारलेले ५० लाख पौंडांचे कर्ज लंडनमध्ये पौंडांतच विकले गेले. त्यामुळे ब्रिटिश गुंतवणूकदाराला परकीय चलनाची चिंता उरली नाही. पाच शहरांतील भाऊ एकमेकांना सतत पत्रे लिहीत. भांडवल सामायिक आणि बातमी घरातली, हे त्यांचे बळ होते. ब्रिटिश सरकारने १८७५मध्ये सुएझ कालव्याचे समभाग विकत घेतले, तेव्हा लागणारे सुमारे ४० लाख पौंड याच पेढीने दिले.

या इतिहासाला काळी बाजूही आहे. गुलामगिरी बंद केल्यानंतर ब्रिटनने भरपाई गुलामांना दिली नाही, ती त्यांच्या मालकांना दिली. त्यासाठीचे दीड कोटी पौंडांचे कर्ज १८३५मध्ये नेथन आणि त्याचे नातलग मोझेस माँटेफिओरे यांच्या गटाने उभारले.

मालकीची किंमत

मायर आमशेलने मृत्युपत्रात मुली व जावई यांना पेढीच्या कारभारातून वगळले होते. भांडवल फुटू नये म्हणून चुलत भावंडांत विवाह होऊ लागले. मात्र कारभार पाहायला मुलगाच हवा, हा नियम पेढीला जाचक ठरला. नेपल्सची शाखा १८६३मध्ये बंद झाली. पुरुष वारस न उरल्याने १९०१मध्ये फ्रँकफर्टची मूळ पेढीही मिटली. अमेरिकेत घराण्यातील कोणी स्थायिक होऊन पेढी काढली नाही, तेथे प्रतिनिधीवर भागविले गेले. न्यूयॉर्क मोठे होत गेले आणि रॉथचाइल्ड मागे पडले.

सत्ताधाऱ्यांचे घावही बसले. व्हिएन्नाची पेढी १९३८मध्ये नाझींनी हिरावून घेतली. फ्रान्समधील मालमत्ता युद्धकाळात जप्त झाली आणि १९८२मध्ये समाजवादी सरकारने पॅरिसच्या बँकेचे राष्ट्रीयीकरण केले. डेव्हिड द रॉथचाइल्ड यांनी लहानशी संस्था काढून नव्याने सुरुवात केली.

भांडवलापेक्षा सल्ला

लंडनच्या वित्तबाजारात १९८६मध्ये निर्बंध उठले आणि परकीय बँकांचे लोंढे आले. बेअरिंग्ज ही २३३ वर्षांची पेढी १९९५मध्ये सिंगापूरच्या एका कर्मचाऱ्याच्या सट्ट्याने बुडाली व एका पौंडात विकली गेली. वॉरबर्ग, क्लाइनवर्ट बेन्सन यांनाही त्याच वर्षी परकीय मालक मिळाले. रॉथचाइल्ड स्वतंत्र राहिली, कारण तिने मोठ्या सट्ट्याऐवजी सल्लागारीवर भर दिला. सोन्याचा रोजचा भाव १९१९पासून तिच्या लंडनमधील कार्यालयात ठरे. ते कामही तिने २००४मध्ये सोडले.

कंपन्यांची खरेदी-विक्री, विलीनीकरण, कर्जाची फेररचना यांवरील सल्ल्याचे शुल्क हा आज तिच्या उत्पन्नाचा मोठा स्रोत आहे. टाटा स्टीलने २००७मध्ये ब्रिटनमधील कोरस कंपनी घेतली, तेव्हाच्या सल्लागारांत रॉथचाइल्ड होती. श्रीमंतांच्या संपत्तीचे व्यवस्थापन आणि 'फाइव्ह अॅरोज' हा खासगी गुंतवणुकीचा विभाग ही अन्य दोन अंगे. सल्ल्याला भांडवल कमी लागते, विश्वास मात्र भरपूर लागतो. म्हणूनच बाजाराबाहेर राहणे या पेढीला परवडते.

डेव्हिड यांचे पुत्र अलेक्झांडर यांच्याकडे २०१८मध्ये सूत्रे आली. ही सातवी पिढी. त्याच वर्षी जिनिव्हातील 'एडमंड द रॉथचाइल्ड' या स्वतंत्र समूहाशी समझोता झाला. कोणीही नुसते 'रॉथचाइल्ड' हे नाव वापरायचे नाही, असे ठरले. त्या समूहाच्या मुख्याधिकारीपदी २०२३मध्ये घराण्याच्या सूनबाई एरियन द रॉथचाइल्ड आल्या. मालकी घरात ठेवण्याचा मूळ पुरुषाचा आग्रह टिकला आहे. घरात कोणाला मोजायचे, याची व्याख्या मात्र बदलली आहे.