अमेरिकेतील 'सीपीए' : लेखापरीक्षण आणि सल्ला यांमधील सीमारेषा

आपल्याकडे सनदी लेखापालाचे (सीए) जे स्थान आहे, तेच अमेरिकेत सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट म्हणजेच 'सीपीए'चे आहे. न्यूयॉर्क राज्याने १८९६ मध्ये कायदा करून या पदवीला सर्वप्रथम मान्यता दिली. कंपनीच्या ताळेबंदावर स्वतंत्र लेखापरीक्षक म्हणून अभिप्राय देण्याचा अधिकार, हे या व्यवसायाचे वैशिष्ट्य होय.

पात्रता आणि परीक्षा

परीक्षा देशभर एकच असली तरी परवाना प्रत्येक राज्याचे मंडळ देते. पदवीसह १५० श्रेयांक आणि एक वर्षाचा अनुभव ही आजवरची सर्वसाधारण अट होय. ओहायोसह काही राज्यांनी आता पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असाही पर्याय खुला केला आहे. जानेवारी २०२४ पासून परीक्षेची रचना बदलली. लेखापरीक्षण, वित्तीय लेखांकन आणि करविषयक नियमन हे तीन विषय अनिवार्य असून चौथा विषय व्यवसाय विश्लेषण, माहिती प्रणाली व कर नियोजन यांतून निवडायचा असतो. प्रत्येक प्रश्नपत्रिका चार तासांची असते व उत्तीर्ण होण्यासाठी ७५ गुण लागतात.

कामाचे स्वरूप

नवा उमेदवार सहायक म्हणून रुजू होतो. पुढे वरिष्ठ सहायक, व्यवस्थापक आणि अखेरीस भागीदार अशी चढण असते. बहुतेक अमेरिकी कंपन्यांचे वर्ष ३१ डिसेंबरला संपते. त्यामुळे जानेवारी ते मार्च हे महिने अत्यंत धावपळीचे. गोदामातील मालमोजणीला हजर राहणे, ग्राहकांकडून येणे रकमांची पत्राने खातरजमा करणे, ही कामे प्रारंभी नीरस वाटतात. मात्र त्यांमागे इतिहास आहे. मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीने गोदामातील माल आणि येणी कागदोपत्री फुगवल्याचे १९३८ मध्ये उघड झाले. त्यानंतरच या दोन्ही गोष्टी लेखापरीक्षणाच्या नियमांत आल्या.

सल्लासेवेचे आकर्षण

कंपन्यांचे विलीनीकरण, करनियोजन, संगणक प्रणाली, जोखीम व्यवस्थापन यांविषयी मार्गदर्शन करणे हा व्यवसायाचा दुसरा भाग. अडचण अशी की, लेखापरीक्षकाचे शुल्क ज्याचे हिशेब तपासायचे तीच कंपनी देते. त्यात सल्ल्याचेही उत्पन्न मिळू लागले, तर परखड अभिप्राय देणे अधिकच कठीण होते. २००० साली आर्थर अँडरसन या संस्थेला एन्रॉनकडून लेखापरीक्षणापोटी सुमारे अडीच कोटी डॉलर, तर इतर सेवांपोटी सुमारे दोन कोटी ७० लाख डॉलर मिळाले. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. कागदपत्रे नष्ट केल्याप्रकरणी अँडरसनला २००२ मध्ये दोषी ठरवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा निकाल रद्द केला. पण तोवर जगभर सुमारे ८५ हजार कर्मचारी असलेली ही संस्था मोडकळीस आली होती.

कायद्याची लक्ष्मणरेषा

या पार्श्वभूमीवर २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्सली कायदा झाला. भांडवली बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या लेखापरीक्षकाला तिची खतावणी लिहिणे, मालमत्तेचे मूल्यांकन करणे, वित्तीय माहिती प्रणाली उभारणे आदी कामे करण्यास मनाई झाली. प्रमुख भागीदार दर पाच वर्षांनी बदलणे बंधनकारक झाले आणि लेखापरीक्षण संस्थांवर देखरेखीसाठी स्वतंत्र मंडळ आले. तरीही केवळ कायद्याने सचोटी येत नाही. सीपीए परवान्याशी निगडित नीतिशास्त्राच्या परीक्षेतच कर्मचाऱ्यांनी गैरप्रकार केल्याबद्दल आणि चौकशीत ही माहिती दडवल्याबद्दल अर्न्स्ट अँड यंगला २०२२ मध्ये दहा कोटी डॉलरचा दंड झाला.

भारतीय विद्यार्थ्यांसाठी

२०२० पासून ही परीक्षा भारतातही देता येते. अमेरिकी कंपन्यांचे काम करणाऱ्या येथील कार्यालयांत या पदवीला मागणी आहे. मात्र भारतीय कंपन्यांचे वैधानिक लेखापरीक्षण सनदी लेखापालच करू शकतो, हे ध्यानात घ्यावे. आकडेमोडीची आवड या क्षेत्रात प्रवेशासाठी पुरेशी असेल. परंतु ज्याच्याकडून शुल्क घ्यायचे त्यालाच प्रसंगी 'नाही' म्हणण्याचे धैर्य आपल्यापाशी आहे का, याचा विचार विद्यार्थ्यांनी आधीच करावा. गुंतवणूकदार विश्वास ठेवतो तो याच धैर्यावर.