हातभर रुळांवरील इतिहास

पुण्याच्या रेसकोर्सजवळील संत पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये मिस्साबलिदानासाठी जाताना आपण क्वचितच स्वतःला विचारतो की, आयर्लंडच्या या प्रेषिताचे नाव मुळा-मुठेच्या काठी कोणी आणले? ते आणले सैनिकांनी. १८५० मध्ये हे मंदिर उभे राहिले, ते पुण्याच्या छावणीतील आयरिश कॅथलिक शिपाई व त्यांच्या कुटुंबांसाठी. त्या वेळी पुण्यात आगगाडी यायची होती. ती आली १८५८ च्या जून महिन्यात, खंडाळ्याहून. संत पॅट्रिकच्या मायदेशात मात्र डब्लिन ते किंग्जटाऊन ही पहिली गाडी १८३४ च्या डिसेंबरातच धावू लागली होती. या दोन रेल्वेंचे नाते सांगावे, आणि त्या निमित्ताने एका निरागस छंदाची थोरवीही सांगावी, असा आमचा मानस आहे.

आयर्लंडमधील आरंभीच्या कंपन्यांनी आपापल्या मर्जीने रूळ टाकले. एकीच्या दोन रुळांतील अंतर चार फूट साडेआठ इंच, तर दुसरीचे सहा फूट दोन इंच. एकीची गाडी दुसरीच्या रुळांवर जाणे अशक्य! अखेर मेजर-जनरल पास्ले यांच्याकडे हा तंटा गेला. त्यांनी मधला मार्ग काढला आणि १८४६ च्या कायद्याने पाच फूट तीन इंच हे अंतर आयर्लंडसाठी कायम झाले. आपल्याकडेही थोडीफार अशीच कथा घडली. गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यांना सहा फुटांचे अंतर हवे होते. शेवटी तडजोड होऊन पाच फूट सहा इंच ठरले आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी त्याच रुंदीवर धावली. इंग्लंडचे माप आयर्लंडने घेतले नाही, तसे हिंदुस्थाननेही घेतले नाही.

हे तीन-सहा इंच म्हणजे अभियंत्यांच्या वहीतील क्षुल्लक नोंद वाटेल. परंतु घरात छोटी रेल्वे उभारणाऱ्या छंदिष्टाला विचारा! बाजारात मिळणारे छोटे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे असतात आणि ते इंग्लंड-युरोपातील मापावर बेतलेले असतात. आयर्लंडची गाडी एका फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात करावी, तर रुळांत एकवीस मिलिमीटर हवेत. आपली गाडी सत्त्याऐंशी पटींनी लहान करावी, तर सव्वाएकोणीस हवेत. म्हणून डब्लिनचा छंदिष्ट असो वा पुण्याचा, त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. एक तर दुकानातील अरुंद रुळांवर समाधान मानावे, नाही तर एकेक रूळ स्वतःच्या हाताने बसवावा. आपल्या भूमीचे खरे माप जपायचे असेल, तर ते विकत मिळत नाही. ते कष्टाने घडवावे लागते.

असे कष्ट उपसणारे एक गृहस्थ डब्लिनमध्ये होऊन गेले. सायरिल फ्राय हे त्यांचे नाव. इंचिकोर येथील रेल्वेच्या कारखान्यात ते नोकरीस होते. दिवसा मोठ्या गाड्यांचे काम करावे आणि फावल्या वेळी त्याच गाड्यांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती घडवाव्यात, हा त्यांचा क्रम. घराच्या माळ्यावर त्यांनी रूळ मांडले आणि पाहुण्यांना ते मोठ्या हौसेने दाखवले. १९७२ मध्ये ते निवर्तले. त्यांचा संग्रह पुढे मॅलहाइडच्या किल्ल्यात १९८८ पासून लोकांसाठी खुला झाला, पण २०१० मध्ये ते प्रदर्शन बंद पडले. एका माणसाच्या आयुष्याची कमाई पेट्यांत बंद झाली. सुदैवाने एका दात्याच्या देणगीतून त्याच गावी नवी वास्तू सिद्ध झाली आणि २०२० मध्ये त्या गाड्यांना पुन्हा प्रेक्षक लाभले.

फ्राय यांचे पुण्यातील सगोत्र म्हणजे कोथरूडचे भाऊसाहेब जोशी. १९८० च्या दशकात त्यांनी आपल्या छोट्या रेल्वेची प्रदर्शने भरवली. मग कायमची मांडणी करण्याचा ध्यास घेतला आणि कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर १ एप्रिल १९९८ रोजी त्यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय लोकांसाठी उघडले. एका दालनात अवघे नगर वसले आहे : सिग्नल, उड्डाणपूल, सर्कशीचा तंबू, पोहण्याचा तलाव आणि या साऱ्यांतून वाट काढीत जाणाऱ्या गाड्या. दालनातील दिवे मंद होऊन त्या नगरात रात्र झाली की, लहानथोर सारेच क्षणभर श्वास रोखतात. हे काम एकट्याचे नव्हे. कोणी तारा जोडाव्यात, कोणी डोंगर रंगवावेत, कोणी नुसते शेजारी बसून खिळे हातात द्यावेत. भाऊसाहेबांचे हे नगर त्यांच्या कुटुंबीयांनी पुढे जपले, यातच या छंदाचे मर्म आहे. हा छंद वाटून घेतला तरच टिकतो.

वाचकहो, ही कला आपल्याला परकी आहे काय? दिवाळीत पुण्याच्या वाड्यावाड्यांतून मुले मातीचे किल्ले करतात. नाताळात आपल्या घरी गोठा सजतो : कागदाचे डोंगर, आरशाचे तळे, भाताच्या पेंढ्याचे छप्पर. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये ग्रेच्चो गावी गव्हाणीचा देखावा मांडला, तो दूर बेथलेहेमला जाऊ न शकणाऱ्या साध्या लोकांसाठी. जे मोठे आहे, दूर आहे किंवा होऊन गेले आहे, ते लहान करून डोळ्यांसमोर ठेवावे म्हणजे ते हृदयात उतरते, हे त्या संताने ओळखले होते.

मात्र येथे एक गोष्ट आम्हांला सलते. छोट्या डोंगरातील बोगदा एका दुपारी तयार होतो. खरा बोरघाट तसा झाला नाही. १८५६ च्या जानेवारीत काम सुरू झाले आणि १८६३ च्या एप्रिलात पहिली गाडी घाट चढली. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल आणि सदतीस फुटांत एक फूट असा चढ! १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक माणसे तेथे राबत होती. पटकीच्या साथींनी त्यांच्यातील किती तरी जण नेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल येथे आल्यावर काही आठवड्यांतच मरण पावले आणि त्यांची पत्नी ॲलिस यांनी तो ठेका पुढे चालवला. अ‍ॅलिसबाईंचे नाव निदान ग्रंथांत राहिले. डोक्यावर पाटी वाहणाऱ्या बायाबापड्यांची नावे कोठे आहेत? कोणत्याही प्रतिकृतीत त्यांची थडगी नसतात.

मार्गही मरतात. आयर्लंडच्या पश्चिम क्लेअरची तीन फुटी रेल्वे १९६१ मध्ये बंद झाली. आपल्याकडे कॅलथ्रॉपसाहेबांनी १८९७ मध्ये सुरू केलेली बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी गेली आणि तिच्या जागी रुंद रूळ आले. सोय वाढली, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या गाडीचा डबा केवढा होता, तिची शिट्टी कशी होती, हे सांगणारे उद्या कोण उरेल?

आपल्या धर्मग्रामांत अशी घरे आहेत की, जेथे आजोबा इंजिन ड्रायव्हर होते, पणजोबा फिटर किंवा गार्ड होते. त्यांचा हातकंदील माळ्यावर गंजत पडला असेल, पितळी बिल्ला एखाद्या डब्यात असेल, छायाचित्राच्या मागे स्टेशनचे नाव पुसट होत असेल. घर आवरताना हे सारे भंगारवाल्याच्या हाती जाते. आमची एवढीच विनवणी आहे : ते देण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून विचारा, आणि जे सांगतील ते लिहून ठेवा. या नाताळात नातवाने गोठ्याभोवती छोटी गाडी फिरवण्याचा हट्ट धरला, तर त्याला नाही म्हणू नका. त्याच्यासोबत रूळ मांडा आणि मांडता मांडता त्याला सांगा की, खरे रूळ कोणी टाकले होते. ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, ती प्रभूच्या स्मरणात आहेतच. ती आपल्याही स्मरणात राहावीत, हे आपले काम आहे.