तिरुअनंतपुरमची हृदयझडप

हृदयाच्या डाव्या अलिंद आणि निलय या कप्प्यांमधील द्विदली झडपेच्या पाकळ्यांना स्वतःचे स्नायू नसतात. रक्ताच्या दाबानेच त्या उघडतात व मिटतात, आणि निलय आकुंचन पावताना त्या मागे उलटू नयेत म्हणून बारीक तंतुरज्जू त्यांना खेचून धरतात. घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या संधिवाती ज्वराने या पाकळ्या जाड होऊन एकमेकींना चिकटतात, आणि भारतात हा आजार मुलांना व तरुणांना गाठत असताना आयात केलेल्या कृत्रिम झडपा मात्र बहुतेकांच्या ऐपतीबाहेर होत्या. म्हणूनच तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत शल्यविशारद एम. एस. वलियाथन यांनी १९७० च्या दशकात स्वदेशी झडपेचे काम हाती घेतले.

रक्तप्रवाहाबरोबर कलणारी एक चकती, तिला धरणारा धातूचा सांगाडा आणि हृदयाला शिवण्यासाठी पॉलिएस्टरचे कडे, अशी तिची रचना होती. परंतु वर्षाला सुमारे ४ कोटी वेळा उघडझाप सोसणारे साहित्य मिळवणे हेच सर्वांत कठीण ठरले. कृत्रिम नीलमण्याची चकतीही वापरून पाहिली गेली. तीन आराखडे बाद झाल्यावर चौथ्यात कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचा सांगाडा व विशेष टिकाऊ पॉलिएथिलीनची चकती आली, आणि डिसेंबर १९९० मध्ये ही झडप प्रथमच रुग्णाच्या हृदयात बसवण्यात आली.