आदत तोंड, डागी दात

बैल घ्यायचा तर पाठीवर हात फिरवण्याआधी त्याच्या तोंडात बघायचे. ‘आदत आहे का?’ हा बाजारातला पहिला सवाल. हिंदीतल्या सवयीच्या आदतशी याचे काही नाते नाही. हा आपला ‘अदंत’: ज्याचा दुधाचा दात अजून पडलेला नाही. गुरांना पुढचे दात खालच्याच जबड्यात, आठ. ते जोडीजोडीने बदलतात. दोनेक वर्षांचे झाले की जनावर दोन दाती, मग चार दाती, सहा दाती. चौथी जोडी आली की ‘जुळले’. ना जन्माची नोंद, ना दाखला, दातांवरूनच वय.

पाण्यातून किंवा चाऱ्यातून पोटात गेलेले जादा फ्लोराईड या हिशेबात खोट घालते. दात खडूसारखे पांढुरके, मग तपकिरी होतात आणि लवकर झिजतात. तरणे जनावर म्हातारे वाटते. दात ठणकतात, म्हणून ते गार पाणी तोंड बुडवून न पिता जिभेने लपलप पिते.

1783 साली आइसलँडमध्ये लाकी ज्वालामुखीची राख कुरणांवर पडली आणि फ्लोराईडने गुरेमेंढरे हजारोंनी मेली. आपल्याकडे निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या गुरांमधल्या अशा आजाराची नोंद 1934 ची. माणसांतला हाच आजार, फ्लोरोसिस, नेल्लोर भागातून 1937 मध्ये पुढे आला. म्हणजे आधी गुरे, मग माणसे.

नाशिकच्या गंगापूर रोडच्या टोकाला धरण आहे, त्यात गोदावरीचे पावसाचे पाणी. अशा पाण्यात फ्लोराईड सहसा कमीच. तीच गोदावरी पुढे नांदेडला जाते, पण त्या जिल्ह्यात आणि यवतमाळ, चंद्रपुरात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात ते जास्त सापडते. कच्च्या रॉक फॉस्फेटचे खनिज मिश्रण खाऊ घातले तर पाणी चांगले असूनही तोच घात होतो.

दातावरचे कवच हिरडीखाली घडत असते, तेव्हाच फ्लोराईड त्याला बाधते. दात बाहेर आला की नवा डाग पडत नाही. म्हणून पहिली जोडी स्वच्छ आणि चौथी डागी असेल, तर पाणी किंवा चारा मधल्या काळात बदलला, असे समजावे. दुधाचे दात मात्र बहुधा स्वच्छच राहतात, कारण ते बरेचसे आईच्या पोटात घडतात आणि तिथे वारेची आडकाठी असते.

म्हणून आदत तोंड वय सांगते, पण प्यालेल्या पाण्याबद्दल काही बोलत नाही. ते कळायला दोन दाती होईपर्यंत थांबावे लागते, नाहीतर विकणाऱ्याच्या गावचे पाणी विचारावे लागते.