सटवाईचा कागद आणि बाळाची नोंदवही

मूल जन्मल्यानंतर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईच्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत महाराष्ट्रातल्या अनेक घरांत आजही पाळली जाते. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाचे प्राक्तन लिहून जाते, अशी समजूत. सकाळी कागद कोराच असतो. त्याचे कुणाला नवल वाटत नाही. लिहिणारी देवी, लिहिलेले माणसाला न वाचता येणारे, आणि बाळंतिणीच्या वाट्याला फक्त कागद मांडून ठेवण्याचे काम.

या कागदाची आठवण आम्हांला झाली ती एका मोबाइलमुळे. आमच्या विभागातील एक तरुण सहकारी प्रसूतिरजेवरून परतल्या आणि स्टाफरूममध्ये त्यांनी आपला फोन उघडून दाखवला. बाळाचे प्रत्येक दूध, प्रत्येक झोप, प्रत्येक डायपर एका अ‍ॅपमध्ये टिपलेले होते. रात्री २.१०, डावीकडे, १४ मिनिटे. २.४०, डायपर ओला. ३.०५, झोप सुरू. रंगीत पट्ट्यांचा तक्ता, आठवड्यांची सरासरी, सगळे काही. आम्ही हसलो. आमच्यातल्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "आम्ही असलं काही केलं नाही, तरी आमची मुलं वाढलीच ना!" त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तेव्हा तुमच्या उशाशी तुमची आई होती. माझ्या उशाशी हाच होता."

हसणे तिथेच थांबले. प्रस्तुत लेखाला निमित्त त्या उत्तराचे आहे. तान्ह्या मुलाच्या नोंदी ठेवणे हे आजच्या पिढीचे नवे खूळ आहे काय? आणि नसेल, तर या नोंदी आजवर कोणी लिहिल्या, कोणासाठी लिहिल्या?

उपलब्ध इतिहासात तान्हेपणाची सर्वांत तपशीलवार नोंद आढळते ती एका राजपुत्राची. २७ सप्टेंबर १६०१ रोजी फ्रान्समध्ये पुढे तेरावा लुई म्हणून गादीवर आलेला मुलगा जन्मला आणि त्याचा वैद्य झाँ एरोआर याने जन्माच्या क्षणापासून रोजनिशी लिहायला घेतली. मुलाला ओढता येईना म्हणून पहिल्या काही दिवसांतच जिभेखालचा बंध शस्त्रवैद्याकडून कापून घेतला, इथपासून दूध, झोप, मलमूत्र यांच्या नोंदी सुरू होतात. त्या १६२८ मध्ये एरोआर मरण पावेपर्यंत चालू राहिल्या. १८६८ मध्ये ही रोजनिशी प्रथम छापली गेली तेव्हा संपादकांनी ती बरीच कापली. मादलेन फ्वाझील यांनी सिद्ध केलेली विस्तृत आवृत्ती यायला १९८९ साल उजाडावे लागले. दरम्यान फिलिप आरिएस यांनी १९६० मधील आपल्या बाल्याच्या इतिहासात हीच रोजनिशी एक मुख्य साधन म्हणून वापरली होती. ज्याला एका शतकाने फापटपसारा मानले ते पुढच्या शतकाला साधन वाटले. साहित्येतिहासाच्या अभ्यासकांना हा अनुभव अपरिचित नाही.

मात्र एरोआरची नोंद वात्सल्याची नव्हे, राज्याच्या काळजीची आहे. वारसाचे पोट साफ असणे ही दरबाराची बाब होती. सामान्यांच्या घरातले मूल कागदावर आले ते पुढे, ज्ञानाचा विषय म्हणून. जर्मनीत डीट्रिख टीडेमान याने १७८७ मध्ये आपल्या मुलाची निरीक्षणे प्रसिद्ध केली. चार्ल्स डार्विन याने डिसेंबर १८३९ मध्ये थोरला मुलगा विल्यम जन्मल्यापासून टिपणे ठेवली आणि १८७७ मध्ये त्यांवरून 'माइंड' या नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला. निबंधावर नाव एकट्या डार्विनचे. मूळ वहीत मात्र काही नोंदी एमा डार्विनच्या हस्ताक्षरात आहेत. कॅलिफोर्नियातील मिलिसेंट शिन यांनी १८९० मध्ये जन्मलेल्या आपल्या भाचीचे असेच निरीक्षण केले आणि १९०० मध्ये त्याचे सुगम पुस्तक केले. बर्कलीच्या विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. घरात, मुलाच्या शेजारी बसून ज्ञान निर्माण होऊ शकते, ही गोष्ट त्यांनी शास्त्राला मान्य करायला लावली.

याच सुमारास नोंदीचा स्वभाव बदलला. निरीक्षणाची वही वेळापत्रकाची पाटी झाली. न्यूयॉर्कच्या बालरुग्णालयातील दायांच्या शिक्षणासाठी एमेट होल्ट यांनी तयार केलेली प्रश्नोत्तरे १८९४ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि घरोघर पोचली. न्यूझीलंडमध्ये ट्रुबी किंग यांनी १९०७ मध्ये सुरू केलेल्या चळवळीने दर चार तासांनी दूध आणि रात्री दूध नाही, हा दंडक घातला. मूल कधी भुकेले आहे हे मुलाने वा आईने नव्हे, घड्याळाने ठरवायचे. १९४६ मध्ये बेंजामिन स्पॉक यांनी आईबापांना स्वतःच्या जाणिवेवर विश्वास ठेवायला सांगितले. त्या साध्या सल्ल्याचे एवढे स्वागत का झाले, हे आधीची पन्नास वर्षे ठाऊक असल्याखेरीज कळत नाही.

परंतु या इतिहासाची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. पॅरिसमध्ये प्येर ब्युदँ यांनी १८९२ मध्ये तान्ह्या मुलांसाठी नियमित तपासणी सुरू केली, त्यांत मुलांचे वजन वेळोवेळी करून लिहिले जाई. तो छंद नव्हता. मुले मरत होती. अंगावरचे दूध मोजून दिसत नाही. नवजात मुलाचे वजन पहिल्या दिवसांत थोडे घटते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. ते भरून येत आहे की नाही याची घरातली खूण म्हणजे ओली दुपटी: पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा अधिक. दिवसातून ८ ते १२ वेळा पाजणे, सहा दुपटी, हे आकडे अ‍ॅपने शोधलेले नाहीत. आजीने ते बोटांवर मोजले नसतील. दोरीवर वाळत घातलेल्या दुपट्यांवरून तिला ते कळत होते.

आणि ज्यांना कळले नाही, किंवा कळूनही ज्यांच्या हाती काही नव्हते, त्यांचे काय? आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. आपल्यापैकी बहुतेकांना त्याच्याविषयी ठाऊक असते ते एवढेच. त्या दहा दिवसांत तो किती प्यायला, केव्हा प्यायचा थांबला, हे त्या मुलीखेरीज कोणी मोजले असेल? १८८६ मध्ये त्या पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदू प्रसूतिशास्त्रावर. वर्गात आम्ही दरवर्षी ही हकीकत सांगतो, पण त्या दहा दिवसांपाशी क्षणभरही थांबत नाही, हे या लेखाच्या निमित्ताने प्रथमच ध्यानात आले.

आईने पाहिलेले कोणीतरी लिहून घेतले तर काय होते, याचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांनी महाराष्ट्रातच मिळाले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात मुलांच्या घरगुती देखभालीचे शिक्षण दिले. त्या घरी जात, बाळ पाहत, लिहून ठेवत आणि जंतुदोषावर उपचारही करत. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तुलनेसाठी घेतलेल्या भागाच्या मानाने तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. जंतुदोष ओळखण्याच्या त्यांच्या खुणा पाहाव्यात. आधी नीट रडणाऱ्या बाळाचे रडणे मंदावले. आधी नीट ओढणारे बाळ ओढेनासे झाले. 'आधी' हा शब्द इथे कळीचा आहे. काल कसे होते हे ज्याने पाहिले आहे त्यालाच आज काय बदलले ते कळते. काल पाहणारी आई असते. तिचे 'आज हा नेहमीसारखा पीत नाही' हे वाक्य इथे वैद्यकाचे प्रमाण झाले. होल्ट-किंग यांच्या वेळापत्रकाने ज्या वाक्याला दाराबाहेर ठेवले होते, तेच आरोग्यदूताने वहीत लिहून घेतले.

म्हणजे प्रश्न वही की मोबाइल हा नाही. लिहिणारा कोण, आणि लिहिलेल्याचा मालक कोण, हा आहे. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यापासून अंगणवाडी सेविका मुलांची वजने तक्त्यावर भरत आल्या आहेत. २०२१ मध्ये हे काम केंद्र सरकारच्या 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅपवर गेले. त्याच वर्षी महाराष्ट्रातील सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोन निकृष्ट आहेत आणि अ‍ॅप मराठीत नाही, ही त्यांची तक्रार होती. आपण टिपलेले आपल्यालाच वाचता येऊ नये, हे त्यांनी स्वीकारले नाही. सटवाईच्या बाबतीत जे चालते ते कचेरीच्या बाबतीत चालवून घेण्याचे कारण नाही.

आमच्या सहकाऱ्यांच्या अ‍ॅपकडे आता आम्ही वेगळ्या नजरेने पाहतो. त्या तक्त्यामुळे पहाटे उठलेल्या वडिलांना शेवटचे दूध केव्हा झाले हे बाळंतिणीला न उठवता कळत होते. हा लाभ लहान नव्हे. पण त्यांनीच हेही सांगितले की एका रात्री बाळ शांत झोपलेले असताना आकडा कमी दिसला म्हणून त्यांनी त्याला उठवले, आणि मग दोघेही पहाटेपर्यंत रडत बसले. एकटेपणावर उपाय म्हणून घेतलेली वस्तू त्या रात्री सासूरवास करू लागली होती. आजी चुकत असे, पण आजी पाठीवर हातही फिरवत असे.

पाचव्या महिन्यात एका रात्रीची नोंद राहून गेली, काही बिघडले नाही, आणि नोंदी आपोआप थांबल्या. त्या पट्ट्यांच्या खाली टीप लिहिण्याची एक जागा आहे. तिथे त्यांनी अधूनमधून मराठीत काही टिपले होते. 'आज दूध मधेच सोडून माझ्याकडे बघत राहिला.' 'आई गेली गावाला. घर मोठं वाटतंय.' अशा चाळीसएक ओळी निघाल्या. एरोआरची रोजनिशी चारशे वर्षे टिकली, कारण तिला राजाचा आश्रय होता. या ओळींना कोणाचा आश्रय? फोन बदलला, कंपनी बंद पडली, की त्या संपल्या. म्हणून आम्ही त्यांना एकच विनंती केली: आकडे जाऊ द्या, टिपा वहीत उतरवून ठेवा. त्यांनी तसे करायला घेतले आहे.