रविवारी आलेला सण आणि हरवलेला सोमवार

१/ १४ ऑक्टोबर १९५६. नागपुरात धरमपेठेच्या दक्षिणेस, आज दीक्षाभूमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मैदानावर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. तिथी होती अशोक विजयादशमीची आणि वार होता रविवार. सण आणि साप्ताहिक सुट्टी त्या वर्षी एकाच दिवशी आली होती.

२/ सण रविवारी आला, तर त्याच्या बदल्यात सोमवार मिळावा का? नव्या वर्षाचे कॅलेंडर चाळताना प्रत्येकाच्या मनात येणारा हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. कुणाच्या सणाला सोमवार मिळाला आणि कुणाच्या नाही, यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

३/ आधी रविवार. तोही कामगारांना आपसूक मिळालेला नाही. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. दीर्घ लढ्यानंतर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मान्य झाली. पुढे १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे बळ दिले. नागपूरची एम्प्रेस मिल तोवर चौदा वर्षे सुरू होती. तिचा आरंभ १ जानेवारी १८७७ चा.

४/ ‘सार्वजनिक सुट्टी’ची कायदेशीर व्याख्या मात्र गिरणीत नव्हे, सावकारी व्यवहारात जन्मली. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम २५ हे तिचे मूळ. वचनचिठ्ठीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली, तर पैसे केव्हा देय होणार? उत्तर : आदल्या कामकाजाच्या दिवशी. त्यासाठी सुट्टी म्हणजे काय, हे ठरवणे भाग होते.

५/ मूळ व्याख्येत नावे होती रविवार, १ जानेवारी, नाताळ आणि गुड फ्रायडे यांची. १ जानेवारी किंवा नाताळ रविवारी आल्यास पुढचा सोमवारही सुट्टीचा, अशी स्पष्ट तरतूद होती. दसरा, दिवाळी, ईद यांचा नामोल्लेखही नव्हता. ते दिवस सरकारच्या अधिसूचनेवर सोडले होते. थोडक्यात, बदली सोमवाराचा मान कायद्याने फक्त दोन दिवसांना दिला होता.

६/ ही कल्पना इंग्लंडच्या वातावरणातली. जॉन लबक यांच्या प्रयत्नांतून १८७१ मध्ये तेथे बँक हॉलिडेचा कायदा झाला. इंग्लंडसाठी नेमलेल्या चार दिवसांपैकी तीन मुळातच सोमवार होते. सुट्टी रविवारात बुडू नये, याची सोय अशी आधीच करून ठेवलेली होती.

७/ स्वातंत्र्यलढ्याने नेमकी उलट वाट धरली. लाहोर अधिवेशनातील पूर्ण स्वराज्याच्या ठरावानंतर काँग्रेसने देशभर प्रतिज्ञा घेण्यासाठी जानेवारी १९३० चा शेवटचा रविवार निवडला. त्या दिवशी तारीख होती २६ जानेवारी. परक्या सरकारकडून त्यासाठी सुट्टी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. रविवार मात्र अनेकांना मोकळा होता. वीस वर्षांनी हीच तारीख प्रजासत्ताक दिन झाली.

८/ १५ ऑगस्ट १९४८, स्वातंत्र्याचा पहिला वर्धापनदिन, तोही रविवारीच आला. तेव्हाही कलम २५ मधला सोमवार नाताळाच्या आणि इंग्रजी नववर्षाच्याच नावावर होता. ही विषमता दूर करण्याचे दोन मार्ग होते : सर्व सणांना सोमवार द्यायचा किंवा कुणालाच नाही. १९५५ च्या ३७ व्या अधिनियमाने ती तिन्ही नावे आणि सोमवाराची तरतूद, दोन्ही वगळली. उरले रविवार आणि केंद्र सरकार अधिसूचनेने जाहीर करील ते दिवस. समानता आली, पण ती सोमवार गमावून.

९/ त्यानंतरच्याच वर्षी नागपूरचा तो रविवार उगवला. सोहळा एका दिवसात संपला नाही. सोमवारी, १५ ऑक्टोबरला, उशिरा पोहोचलेल्यांनी दीक्षा घेतली आणि धम्म स्वीकारण्यामागची भूमिका सांगणारे बाबासाहेबांचे दीर्घ भाषणही त्याच दिवशी झाले. अधिसूचना काहीही म्हणो, तो सोमवार लोकांनीच आपला केला.

१०/ आजचा नियम काय? केंद्र सरकारच्या सूचनांनुसार सण साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आला, तर कर्मचाऱ्यांना बदली सुट्टी नाही. याउलट १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ५२ नुसार कामगाराला रविवारी कामावर बोलावले, तर त्याआधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत एक पूर्ण सुट्टी देणे २०२५ पर्यंत बंधनकारक होते. विश्रांतीचा दिवस बुडाला तर भरपाई मिळते, सण बुडाला तर नाही.

११/ महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केला. त्यामुळे ठरावीक तारखेची सुट्टी साप्ताहिक सुट्टीवर पडण्याची शक्यता सातात दोन झाली. त्या वर्षी २६ जानेवारी रविवारी आला होता. नव्या व्यवस्थेतला पहिलाच १५ ऑगस्ट शनिवारी आला.

१२/ तरीही सुट्टी बुडते, दिवस बुडत नाही. धरमपेठेतल्या शाळांमध्ये झेंडावंदन रविवारीही होते आणि दसऱ्याला दीक्षाभूमीकडे निघालेली पावले वार पाहत नाहीत. २६ जानेवारी रविवारी आला की ‘सुट्टी वाया गेली’ असे सहज म्हटले जाते. ती तारीख इतिहासात आली, तीच मुळी रविवार म्हणून.