व्हिन्सेंट मागे का हटतो? एक परीकथा, तिचे चाहते आणि अडीचशे वर्षांचा वाद

या व्याख्यानमालेत आपण एरवी राजे, लढाया, तह आणि सनावळ्या यांच्याविषयी बोलतो. आज टीव्हीवरच्या एका मालिकेविषयी बोलायचं आहे हे कळल्यावर काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. पण इतिहास वाचता वाचता आम्हाला एक सवय लागली आहे. माणसं कशावरून भांडतात ते बघायचं. ज्या गोष्टीवरून माणसं वर्षानुवर्षं हिरिरीनं भांडतात, तिच्यात त्यांचं काहीतरी मोलाचं गुंतलेलं असतं. रात्री आठच्या मालिकेतली नायिका अशी का वागली, यावर सकाळच्या लोकलमध्ये दोन बायका तावातावानं बोलत असतात, तेव्हा ते सुनेच्या, सासूच्या, नवऱ्याच्या आणि स्वतःच्याही वागण्यावरचं बोलणं असतं. हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

आजची मालिका अमेरिकेतली. नाव ‘ब्यूटी अँड द बीस्ट’. सीबीएस या वाहिनीवर ती 25 सप्टेंबर 1987 रोजी सुरू झाली आणि 1990 मध्ये संपली. सगळे मिळून भाग 56. म्हणजे आपल्या दैनंदिन मालिकांच्या हिशेबानं फार तर अडीच महिन्यांचा मजकूर. पण तिच्यावर तिच्या चाहत्यांनी, त्यांतही मुख्यतः स्त्रियांनी, जेवढं लिहिलं, जेवढी पत्रं पाठवली आणि जेवढा वाद घातला, तो मालिकेपेक्षा कितीतरी मोठा आहे.

गोष्ट थोडक्यात

कॅथरीन चँडलर ही न्यूयॉर्कमधली श्रीमंत घरातली वकील. वडिलांच्याच कंपनीत काम करणारी. एका रात्री काही गुंड तिला दुसरीच कोणीतरी समजून पकडतात, तिचा चेहरा सुऱ्यानं फाडतात आणि सेंट्रल पार्कमध्ये टाकून देतात. तिथून तिला उचलून नेतो व्हिन्सेंट. त्याचा चेहरा सिंहासारखा, हातांना नखं, आवाज मात्र मऊ. तो शहराखालच्या भुयारांत राहतो. तिथं जगानं टाकलेल्या माणसांची एक वस्ती आहे आणि त्या वस्तीचा प्रमुख एक डॉक्टर. सगळे त्याला ‘फादर’ म्हणतात. व्हिन्सेंट कॅथरीनची शुश्रूषा करतो, तिच्या डोळ्यांवर पट्टी असताना तिला डिकन्सची कादंबरी वाचून दाखवतो. ती बरी होते, वर परत जाते, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून घेते आणि वडिलांची कंपनी सोडून सरकारी वकिलांच्या कार्यालयात काम करू लागते. पुढे तिच्या मनात काय चाललंय हे व्हिन्सेंटला दूरवरूनही जाणवतं. ती संकटात सापडली की तो भुयारांतून धावत येतो आणि हल्लेखोरांना फाडून काढतो.

कॅथरीनचं काम लिंडा हॅमिल्टननं केलं, व्हिन्सेंटचं रॉन पर्लमननं. मालिकेचा जनक रॉन कोस्लो. लेखक-निर्मात्यांच्या चमूत एक नाव होतं जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ पाहिलेल्यांनी हे नाव लक्षात ठेवा, कारण या गोष्टीतही एक मोठं पात्र मधेच मरणार आहे.

तर दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, हे पहिल्या भागापासून सगळ्यांना ठाऊक. पण दोन वर्षं ते प्रेम मिठीच्या फारसं पुढे जात नाही. कारण व्हिन्सेंट मागे हटतो. आणि चाहत्यांचा वाद सुरू होतो तो इथूनच.

तो मागे का हटतो?

हा वाद कुठे चालायचा, ते आधी बघा. तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं. चाहत्यांनी स्वतः टंकलेली, झेरॉक्स केलेली आणि टपालानं पाठवलेली मासिकं असत, त्यांना फॅनझीन म्हणत. काही नुसत्या पत्रव्यवहाराची, काहींत चाहत्यांनी लिहिलेल्या कथा आणि चित्रं. शिवाय गावोगावचे छोटे गट कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमत. हाताशी व्हीसीआर आला होता, त्यामुळे एकच प्रसंग दहा वेळा मागे-पुढे करून बघता येई. तिची मान कधी वळली, त्याचा हात कुठे थांबला, हे पुरावे म्हणून मांडता येत. दस्तऐवजावर आम्ही जसे वाद घालतो, अगदी तसेच.

पहिलं उत्तर असं, की त्याला स्वतःच्या हातांची भीती वाटते. याला मालिकेतच आधार आहे. वयात येताना त्याचं भुयारातल्याच लिसा नावाच्या मुलीवर मन जडलं होतं. ती नाचायची. एकदा त्यानं तिला धरून ठेवलं आणि त्याच्या नखांनी तिला जखम झाली. तेव्हापासून आपला स्पर्श म्हणजेच इजा, हे त्याच्या मनात बसलं.

दुसरं उत्तर फादरकडे बोट दाखवतं. या पोराला वाढवलं प्रेमानं, पण हे सुख तुझ्यासाठी नाही, हेही त्यानंच शिकवलं. मग फादर असं का वागला? त्याचीही एक कहाणी आहे. 1950च्या दशकातल्या साम्यवादविरोधी लाटेत त्याचं डॉक्टरकीचं काम गेलं आणि बायकोच्या वडिलांनी त्यांचं लग्न मोडायला लावलं. स्वतः पोळलेला माणूस पोराला आगीपासून लांब ठेवतो, असं काही चाहत्यांचं म्हणणं. आणि काहींचं म्हणणं, स्वतःची जखम पोराच्या गळ्यात बांधणं याला काळजी म्हणत नाहीत.

तिसरं उत्तर त्यागाचं. कॅथरीननं उजेडात राहावं, तिला संसार मिळावा, मुलंबाळं व्हावीत म्हणून तो दूर राहतो. वरच्या जगात एलियट बर्च नावाचा धनाढ्य बांधकाम व्यावसायिक तिच्यावर जीव टाकत असतोच. ऐकायला हे फार उदात्त वाटतं. पण यावरचा प्रश्न सगळ्यांत नेमका होता. तिला कोणी विचारलं का? तिचं सुख कशात आहे, हे व्हिन्सेंट ठरवतो, फादर ठरवतो, एलियटलाही वाटतं की आपल्याला कळतं. तिनं तर पुन्हा पुन्हा भुयाराची वाट धरून उत्तर दिलेलं आहे.

आणि चौथं उत्तरही चाहत्यांना पक्कं ठाऊक होतं. दोघं एकत्र आली की गोष्ट संपते, आणि वाहिनीला गोष्ट चालू ठेवायची असते. शिवाय पुरुष प्रेक्षक यावेत म्हणून मारामारी आणि गुन्ह्यांचा तपास जास्त हवा, असा वाहिनीचा आग्रह. म्हणजे व्हिन्सेंटच्या मनात काय आहे, या प्रश्नामागे दुसरा प्रश्न लपलेला होता. ही प्रेमकथा आहे की पोलिसी कथा? आणि ते कोण ठरवणार?

जुना वाद, जुनी ओळ

आता आपण थोडं मागे जाऊ, कारण हा वाद 1987 मध्ये जन्मलेला नाही. सौंदर्यवती आणि पशूची ही कथा आज आपण ज्या रूपात ओळखतो, ती पहिल्यांदा 1740 मध्ये फ्रान्समध्ये छापली गेली. लेखिका गॅब्रिएल-सुझान द व्हिलनव्ह. ही कथा चांगली लांबलचक, मोठ्यांसाठी लिहिलेली. तिच्यात पशू रोज रात्री नायिकेला एकच प्रश्न विचारतो. तो लग्नाचा नाही. मी तुझ्या शेजेवर येऊ का, असा तो प्रश्न आहे. आणि ती रोज नाही म्हणते. तिच्या स्वप्नात एक देखणा तरुण येत असतो, तिचं मन त्याच्याकडे ओढ घेतं आणि पशूचे उपकारही विसरवत नाहीत. दोघं एकच आहेत हे तिला माहीत नाही. म्हणजे मनाची ओढाताण आहे, कारणं आहेत, आणि शेवटी दिलेला होकार तिचा स्वतःचा आहे.

सोळा वर्षांनी, 1756 मध्ये, लंडनमध्ये शिकवणीचं काम करणाऱ्या जान-मारी लप्रँस द बोमाँ या फ्रेंच बाईंनी हीच कथा मुलींच्या शिक्षणासाठी कापून लहान केली. देखण्या तरुणाची स्वप्नं गेली. शेजेच्या प्रश्नाच्या जागी आला लग्नाचा प्रश्न. नायिकेला मिळालं ते सद्गुणाचं बक्षीस, कारण तिनं रूप आणि हुशारी यांच्यापेक्षा चांगुलपणा निवडला. जगभर पसरली ती ही छोटी आवृत्ती.

बोमाँबाईंना दोष द्यायचा आमचा हेतू नाही. ज्या मुलींचं लग्न आईबाप ठरवणार, त्यांना धीर देणारी गोष्ट त्यांनी लिहिली, आणि त्या काळात त्याची गरज होती. पण एक गोष्ट कापली गेली ती गेलीच. तिला काय हवं आहे, हा प्रश्न. दोन शतकांनी अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत बसून बायका भांडत होत्या, तो नेमका हाच प्रश्न होता. व्हिलनव्ह त्यांतल्या किती जणींनी वाचली असेल, हा मुद्दा नाही. कथेतली मोकळी जागा वाचणाऱ्याला जाणवतेच.

कॅथरीनचा मृत्यू

1989 मध्ये मालिका बंद पडण्याच्या बेतात आली. नव्या हंगामाच्या वेळापत्रकात वाहिनीनं तिला जागाच दिली नाही. चाहत्यांनी पत्रांचा आणि तारांचा मारा केला. मालिकेत भुयारातल्या लोकांना वरून गुपचूप मदत करणाऱ्यांना ‘हेल्पर’ म्हणत, तेच नाव या चाहत्यांनी स्वतःला घेतलं होतं. शेवटी बारा भागांचा तिसरा हंगाम मंजूर झाला. पण तोवर लिंडा हॅमिल्टन गरोदर होती आणि तिनं मालिका सोडायचं ठरवलं होतं.

12 डिसेंबर 1989 रोजी तिसरा हंगाम सुरू झाला. त्यात दोघांचं मीलन होतं, पण ते प्रतीकांतून दाखवलेलं. मग कॅथरीनला पळवून नेतात, ती महिनोन्‌महिने कैदेत राहते, मुलाला जन्म देते, आणि तिला विषारी इंजेक्शन देऊन मारतात. व्हिन्सेंटच्या मिठीत ती प्राण सोडते. पुढचे भाग सूडाचे, मुलाच्या शोधाचे आणि डायना बेनेट या तपास करणाऱ्या नव्या नायिकेचे.

ज्यांनी पत्रं लिहून मालिका वाचवली, त्यांनाच हे बघावं लागलं. रागाचं कारण नुसतं लाडकं पात्र गेल्याचं नव्हतं. दोन वर्षं या बायका विचारत होत्या, की कॅथरीनला काय हवं आहे. उत्तर आलं ते असं, की तिनं मूल द्यावं आणि मरावं, म्हणजे नायकाला सूड घ्यायला कारण मिळेल. तिची सगळी धडपड त्याच्या दुःखाचं साधन झाली.

इथं चाहत्यांत फूट पडली. काही जणी म्हणाल्या, झालं ते झालं. शोक हाही प्रेमाचाच भाग आहे, व्हिन्सेंटच्या सोबत आपणही तो करू. काहींना डायना आवडली. आणि बऱ्याच जणींनी तिसरा हंगाम मानायलाच नकार दिला. त्यांनी कथा लिहिल्या. कॅथरीन मेलीच नाही, ती वाचली, ती भुयारात राहायला आली, दोघांनी मूल वाढवलं. यावरून मैत्र्या तुटल्या, गट फुटले. बाहेरच्यांना हे हास्यास्पद वाटलं. खोट्या माणसांसाठी खरं भांडण कशाला, असं.

आम्हाला ते हास्यास्पद वाटत नाही. वाहिनीकडे हक्क होते, पैसा होता, कॅमेरा होता. या बायकांकडे झेरॉक्सचं यंत्र आणि टपालाची तिकिटं होती. तरी गोष्ट कोणाची, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. हेन्री जेन्किन्स या अभ्यासकानं 1992 च्या ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ या ग्रंथात या चाहत्यांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं, आणि चाहत्यांचा अभ्यास ही विद्यापीठात गंभीरपणे घेण्याची गोष्ट झाली. एकेकाळी रद्दीत गेली असती अशी फॅनझीनं आज आयोवा विद्यापीठासारख्या ठिकाणी जपून ठेवलेली आहेत.

शेवटी एवढंच. बोमाँबाईंनी कथा कापली तेव्हा वाचणाऱ्या मुलींना काय वाटलं, हे समजायला आपल्याकडे जवळजवळ काहीच नाही. त्यांनी वाद घातला असेल, नवे शेवट रचले असतील, पण ते बोलण्यातच विरून गेलं. 1989 च्या बायकांचं तसं झालं नाही, कारण त्यांनी ते लिहून ठेवलं. व्हिन्सेंट मागे का हटतो, याचं एकमतानं उत्तर त्यांना कधीच मिळालं नाही. पण कॅथरीनला काय हवं होतं, हे विचारायचं राहून गेलं, असं आता कोणी म्हणू शकणार नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात कोणी आजी, मावशी, आत्या एखाद्या मालिकेतल्या नायिकेवर चिडून बोलत असेल, तर हसून उठून जाऊ नका. थोडा वेळ बसा आणि तिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, एवढं विचारा. जमलं तर लिहून ठेवा.